चहाची टपरी, डोशाचा गाडा आणि घराचा कागद

सध्याची आवडती नटी कोण, असं विचारलं की माझ्या वयाच्या बायका अजून माधुरी नाहीतर काजोलवरच थांबतात. मी छाया कदम म्हणते. समोरची जरा गोंधळते. मग मी सांगते, "अगं, 'लापता लेडीज'मधली स्टेशनवर चहा विकणारी. 'सैराट'मध्ये आर्ची-परश्याला आसरा देणारी डोसेवाली अक्का. 'फॅन्ड्री'तली जब्याची आई." तेव्हा कुठे "अगंबाई, ती होय!" असं येतं. चेहरा सगळ्यांच्या लक्षात असतो, नाव कुणाच्याच नाही. अशा बायकांचं आपल्याकडे असंच होतं म्हणा.

गेल्या दीड-दोन वर्षांत घरच्या टीव्हीवर, लेकीच्या मोबाइलवर आणि आमच्या बचत गटाच्या बायकांसोबत बसून मी बरंच काही पाहिलं. त्यातलं काय आवडलं आणि काय नाही, ते आज सांगणार आहे. मी समीक्षक नाही. बी.ए.ला मराठी साहित्य होतं, तेवढीच शिदोरी. पण आठवड्यातले तीन दिवस बायकांची गाऱ्हाणी ऐकायला बसते. त्यामुळे पिक्चर बघतानाही कान तिकडेच लागलेले असतात.

आधी मालिकांचं, कारण त्या रोजच्या आहेत. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. जवळजवळ पाच वर्षं! मूळ बंगाली 'श्रीमयी'. त्याच गोष्टीवर हिंदीत 'अनुपमा' निघाली. सुरुवातीचे भाग मला मनापासून आवडले होते. पंचवीस वर्षं संसार केलेल्या अरुंधतीला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळतं आणि ती मोडून न पडता उभी राहते, हे मधुराणी प्रभुलकरनं फार संयमानं केलं होतं. तिचं दुसरं लग्न दाखवलं तेव्हा आमच्या गल्लीत दोन तट पडले. साठीच्या पुढच्या बायका लग्नाच्या बाजूनं आणि तिशीतल्या सुना विरोधात, हे मला अजून कोडं आहे. पुढे त्या बिचाऱ्या आशुतोषलाच मारून टाकलं. मालिका लांबवायची म्हटली की सुखी बाई परवडत नाही ना!

बाकी मालिकांचं काय सांगू? स्वयंपाकघरात जरीच्या साड्या, झोपतानाही कानात झुमके, आणि घर म्हणजे बंगलाच. कुणी रेशनच्या रांगेत नाही, कुणी बँकेत पासबुक भरून घेत नाही. एका बाबतीत मात्र मालिका अगदी खऱ्या असतात. त्यातल्या बायका न वाचता कागदावर सह्या करतात. खलनायिका फाईल पुढे करते, "इथे इथे सही कर" म्हणते आणि नायिका पदराला हात पुसून सही करते. आपण घरी बसून "अगं वाच की बाई!" म्हणून ओरडतो. आणि दुसऱ्या दिवशी भावानं तालुक्याला बोलावलं की काय करतो? त्याकडे येतेच.

'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला आणि बायकांनी तो जत्रेसारखा पाहिला. आमच्या गावातलं थिएटर केव्हाच बंद पडलंय, तिथे आता खताचं गोडाऊन आहे. त्यामुळे आम्ही सोळाजणी गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. त्यातल्या अकरा नऊवारीत. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने आणि बाकीच्या तिघी, अशा सहा बहिणी. एकमेकींपासून दुरावलेल्या या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. केदार शिंदेंचा हा चित्रपट मराठीत सर्वाधिक कमाई करणाऱ्यांमध्ये जाऊन बसला. त्याआधी २०२१ मध्ये 'झिम्मा'ला अशीच गर्दी झाली होती. बायका बायकांचे सिनेमे बघत नाहीत म्हणणाऱ्यांची तोंडं गप्प झाली, याचाच मला आनंद.

मला तो आवडला, हसले, रडले, शेवटच्या खेळांना पाय हलवले. तक्रार एकच. खेळ सुरू झाला की सगळी दुखणी विरघळून जातात. आमच्या केंद्रात बहिणी एकत्र येतात त्या बहुतेकदा वडील वारल्यावर. भाऊ म्हणतो, चला, हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या आहेत. मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचे ठसे, फोटो, की झालं. येताना भाऊ सगळ्यांना हॉटेलात जेवायला घालतो, एकेक साडी देतो. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा देणारा कायदा केला, २००५ मध्ये देशानं विवाहित मुलींनाही मुलांइतकाच हक्क दिला. आणि आपण तो एका साडीवर सोडून येतो. "माहेर तुटायला नको" हे त्यामागचं कारण मला कळतं, मी त्याची थट्टा करत नाही. माहेर तुटण्याची भीती काय असते हे मला चांगलंच ठाऊक आहे. पण ती भीती एवढ्या मोठ्या, बायकांसाठी बनवलेल्या चित्रपटात कुठेतरी यायला हवी होती असं वाटलं.

'मिसेस' २०२५ च्या फेब्रुवारीत झी फाइव्हवर आला. २०२१ मधल्या 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळम चित्रपटावरून आरती कडव यांनी तो हिंदीत केला. आम्ही तो गटातल्या एकीच्या घरी मोठ्या टीव्हीवर पाहिला. सान्या मल्होत्रानं केलेली ऋचा नाचात तरबेज, लग्न होऊन डॉक्टरच्या घरी येते आणि त्या स्वयंपाकघरात अडकते. सासरे मारत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. फक्त चटणी मिक्सरमधली चालत नाही, पाट्यावरचीच हवी. सिंकखालचा पाइप गळतोय, नवऱ्याला रोज सांगायचं, तो रोज विसरतो. तो पाइप बघून खोलीतल्या सगळ्याजणी एकदम हसल्या. प्रत्येकीच्या घरात एक गळका पाइप आहे! एकजण म्हणाली, "ताई, आमच्यात तो न्हाणीचा आहे, चार वर्षं झाली."

चित्रपट संपला तेव्हा मात्र मी जरा अस्वस्थ होते. ऋचा घर सोडते आणि नंतर आपल्याला ती नाच शिकवताना दिसते. नवऱ्याच्या घरात नवी बायको आलेली असते. मधले महिने कुठे गेले? डिपॉझिट कुणी भरलं, हातात किती पैसे होते, पोलीस पाटलानं काय विचारलं, आईनं किती दिवस ठेवून घेतलं? आमच्याकडे येणाऱ्या बाईचं सगळं आयुष्य त्या मधल्या महिन्यांत असतं. दार आपटून बाहेर पडण्याचं धैर्य दाखवायला दोन मिनिटं लागतात. बाहेर पडल्यावर एस.टी.चं तिकीट काढावं लागतं. हा चित्रपटाचा दोष म्हणावा का, मला नक्की सांगता येणार नाही. आमच्यातल्या दोघीतिघी तो पाहून घरी गेल्या आणि नवऱ्यांनाही दाखवला, हे थोडं नाही. एका नवऱ्यानं म्हणे प्लंबर बोलावला.

त्या मधल्या महिन्यांतल्या बाया मला छाया कदमच्या भूमिकांत सापडतात, म्हणून ती आवडते.

किरण रावचा 'लापता लेडीज' मार्च २०२४ मध्ये आला, पुढे भारतातर्फे ऑस्करलाही पाठवला गेला. गोष्ट २००१ मधली. रेल्वेच्या डब्यात सारखेच घुंगट घेतलेल्या दोन नव्या नवऱ्या, त्यात बायकोची अदलाबदल. चुकलेली फूल स्टेशनवर राहते. तिला सासरचं गावच नीट माहीत नाही! फुलाचं नाव आहे एवढंच आठवतं, कुठलं फूल ते नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ते हातावरच्या मेंदीत लिहिलेलं. लोक हसतात तिथे, पण आमच्या शिबिरात फॉर्म भरताना चाळिशीच्या बायका घराचा गट नंबर, खाते नंबर, "ते यांना माहीत" असं सांगतात, तेव्हा मला फूलच दिसते. त्या स्टेशनवर मंजू माई चहा विकते. नवरा आणि मुलगा तिच्या कमाईवर जगत आणि तिलाच मारत. तिनं दोघांना हाकलून दिलं आणि एकटी राहते. तोंड फटकळ, पण रात्रीला निवारा देते आणि फूलकडून काम करून घेऊन तिच्या हातावर पैसे ठेवते. आयुष्यातली पहिली कमाई हातात घेतलेल्या फूलचा चेहरा पाहा. आमच्या गटातल्या बायकांच्या हातात शेवया-पापडाचे पहिले पैसे आले तेव्हा त्यांचे चेहरे अस्सेच होते.

'सैराट'मधली अक्काही तशीच. परक्या हैदराबादेत डोशाचा गाडा चालवणारी, पळून आलेल्या पोरांना खोली देणारी. २०१८ मधल्या रवी जाधवांच्या 'न्यूड'मधली चंद्राक्का जे. जे. कलामहाविद्यालयात झाडू मारते असं सांगते, प्रत्यक्षात चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसते. नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलाला घेऊन आलेल्या यमुनेला तिच्याकडेच आधार मिळतो. म्हणजे बघा, घर सोडून आलेली प्रत्येक पोर शेवटी अशाच एका बाईच्या दारात पोहोचते, जिनं ते आधी करून पाहिलेलं असतं. सरकारी आधारगृहाचा पत्ता आम्ही देतो, पण खरा आधार बहुतेक वेळा शेजारची भाजीवाली नाहीतर मेसवाली देते.

आणि 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. पायल कपाडिया यांचा हा चित्रपट मे २०२४ मध्ये कान महोत्सवात 'ग्रां प्री' म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळवून आला. मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोहोचलेला भारतीय चित्रपट. तिथे छायाताई आईची साडी नेसून, आईची नथ घालून गेल्या होत्या, तो फोटो मी जपून ठेवलाय. चित्रपट मात्र आमच्या बायकांना जरा संथ वाटला, खोटं कशाला सांगू. मल्याळम, हिंदी, मराठी अशी मिसळ, खाली अक्षरं वाचत राहायचं. दोघींना डुलकी लागली.

पण पार्वती आली आणि सगळ्या सरसावून बसल्या. मुंबईतल्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची विधवा. ज्या खोलीत बावीस वर्षं काढली ती बिल्डरला हवी आहे आणि तिच्याजवळ ती तिथे राहते हे सांगणारा एकही कागद नाही. असलेच तर ते नवऱ्यानं कुठे ठेवले, ते तो सांगून गेला नाही. पार्वती वकिलाकडे जाते, उपयोग होत नाही. मग ती आणि प्रभा नर्स रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. पोरींसारख्या! आणि पार्वती बोचकं बांधून गावी निघून जाते.

तिथे मी टीव्ही थांबवायला लावला. बायका चिडल्या, पण मला विचारायचंच होतं. तुमच्यापैकी किती जणींना घराचा उतारा कुठे ठेवलाय ते माहीत आहे? बावीसजणींत चार हात वर आले. उताऱ्यावर स्वतःचं नाव आहे अशी एकच, तीही घरकुल योजनेतली, कारण तिथे घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देतात. एक सून म्हणाली, "ताई, मी मागितला तर हे म्हणतील, तुला कशाला हवाय, कुठं जायचंय?" सगळ्या हसल्या. तिची सासू हसली नाही. ती म्हणाली, "माझं नाव लावा म्हणून मी तीस वर्षांत बोलले न्हाई. आता हिचं तरी लावा."

त्यावर तासभर बोलणं झालं, पिक्चर राहिला बाजूला. गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, नगरपालिकेत घरपट्टीचा आणि सिटी सर्व्हेचा उतारा, शेतीचा सातबारा. यांची नक्कल मागायला नवऱ्याची परवानगी लागत नाही, फी भरली की मिळते. घर नावावर नसलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्यानं राहत्या घरातून बाईला सहज बाहेर काढता येत नाही, हेही सांगितलं. पण तो हक्क मागायला कोर्टाची पायरी चढावी लागते. नाव लावून घेणं त्याहून सोपं. पुढच्या सोमवारी सातजणी ग्रामपंचायतीत गेल्या. ग्रामसेवकानं आधी "पुरुष माणसाला पाठवा" म्हटलं. त्या तिथेच बाकावर बसून राहिल्या, जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी. चार वाजता नकला मिळाल्या.

तो चित्रपट आम्ही दुसऱ्या बैठकीला पुरा पाहिला. प्रभाच्या नवऱ्यानं जर्मनीहून न पत्र, न फोन, नुसता भाताचा कुकर पाठवलेला असतो. रात्री ती तो कुकर मिठीत घेते. त्या वेळी खोलीत कुणीच काही बोललं नाही, आणि त्या दोघीही डुलक्या काढत नव्हत्या.

आता 'न्यूड' दाखवायचं चाललंय. नावावरूनच तिघींनी नाकं मुरडली आणि एकीच्या सासऱ्यांपर्यंत बातमी गेली. म्हणून आमच्या सचिवबाईंनी तोडगा काढलाय. नाव घ्यायचंच नाही, निरोपात लिहायचं, "मंगळवारी दुपारी अडीचला छाया कदमचा पिक्चर. येताना डबा आणि घराचा उतारा घेऊन येणे."