शाल नको, पूर्ण संध्याकाळ द्या

भोसरीच्या एमआयडीसीत आमच्या प्रेस शॉपला खेड तालुक्यातला एक फिटर होता. सेकंड शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर तो भारूड धरायचा आणि बस चुकली तरी आम्ही हलायचो नाही. पुढे ओव्हरटाइम, घराचे हप्ते, मुलींची लग्नं यांत त्याचं गाणं सुटलं. निवृत्त झाल्यावर त्यानं पुन्हा पेटी काढली. परवा एका कार्यक्रमात त्याला शाल-श्रीफळ दिलं आणि पाच मिनिटांत ‘आवरा’ म्हणून चिठ्ठी पाठवली. मला त्या चिठ्ठीचा अजून राग आहे.

या वयात गळा तापायलाच पाच मिनिटं लागतात. पट्टी उतरलेली असते. पांढरी चारला गाणाऱ्याला आता काळी एक लागते, आणि पेटीवाला मात्र आपल्याच पट्टीत सुरू करतो. त्यात प्रेसच्या धडधडीनं कान अधू झालेले. समोर मॉनिटर स्पीकर नसेल तर स्वतःचा सूरही ऐकू येत नाही. मग लोक म्हणतात, आवाज गेला.

यमुनाबाई वाईकर आठवा. 1915 चा जन्म, कोल्हाटी समाज, लहानपणापासून गाऊन-नाचून पोट भरलेलं. तमाशाचा प्रेक्षक सिनेमाकडे वळला तशा त्याही विस्मरणात गेल्या. साठीला टेकल्या असताना, 1975 मध्ये, दिल्लीत बिरजू महाराजांबरोबर त्यांची लावणी रंगली. 1977 ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 2012 ला पद्मश्री. 2018 साली, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. बैठकीच्या लावणीत एकच ओळ बसल्या जागी नजरेनं, हातानं, दरवेळी निराळी करून सांगायची असते. ऐकणाऱ्यांनी सवड दिली, म्हणून उतारवयातल्या यमुनाबाई आपल्याला कळल्या.

अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाचा सोल गायक होता. स्वयंपाकी म्हणून राबला, क्लबांत जेम्स ब्राऊनची नक्कल करत राहिला. स्वतःचा पहिला अल्बम आला 2011 मध्ये, बासष्टाव्या वर्षी. 2017 ला तो वारला. जगाला त्याची जेमतेम सहा वर्षं मिळाली. आपल्याकडच्या माणसांसाठी मी घाई करतो ती यामुळेच.

आकुर्डी, चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत सातारा, बीड, लातूरहून आलेल्यांनी गोंधळ, पोवाडे, ओव्या सोबत आणल्या होत्या. ती पिढी आता निवृत्त आहे. महापालिकेनं चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह किंवा भोसरीचं लांडगे नाट्यगृह महिन्यातून एक संध्याकाळ एकाच ज्येष्ठ गायकाला द्यावं. संबळवाला, ढोलकीवाला त्याच्या पसंतीचा हवा आणि बिदागी ठरवून द्यायला हवी. कंपन्यांच्या सीएसआर निधीतून चांगलं ध्वनिमुद्रण करून ठेवावं. आमच्या फिटरपासून सुरुवात करणार असाल, तर तबल्याची साथ जमवायची जबाबदारी माझी.