तारखेला जाताना



आमच्या वस्तीतले एक गृहस्थ गेल्या रविवारी घरी आले. हातात पिशवी, पिशवीत कागदांचे भेंडोळे. नवरा-बायको वेगळे राहतात, मुलगी आईजवळ. कुटुंब न्यायालयाने दुसऱ्या व चौथ्या शनिवारी दोन तासांची भेट ठरवून दिली आहे. चार महिन्यांतले आठ शनिवार झाले. दोनदा मुलगी भेटली, सहा वेळा नाही. त्यांनी अर्ज केला, आता तारीख लागली आहे.

"ताई, तिथे तिच्या माहेरच्यांचा एकेक पाढा वाचतो."

मी विचारले, "मुलगी कितवीत आहे?"

"दुसरीत." मग जरा थांबून, "नाही, जूनपासून तिसरीत गेली असेल."

माझ्याकडे बहुधा भगिनी येतात, पोटगी थकली म्हणून. त्यामुळे दुसरी बाजू आधी विचारायची मला खोड. आढेवेढे घेत त्यांनी कबूल केले की, एका शनिवारी ते स्वतःच दीड तास उशिरा पोचले होते आणि एकदा फाटकाशी मेव्हण्याशी तंडले होते. उरलेल्या चार वेळा मात्र काही कारण नाही. मी म्हटले, "हे दोन्ही तुम्हीच आधी सांगा. समोरचा वकील सांगणारच आहे."

मग वही काढली. मी वाणिज्य शाखेची, मला रकाने आखल्याशिवाय सुचत नाही. तारीख, किती वाजता पोचलो, कोण आले, काय निरोप आला. दोन शनिवारची वेळ त्यांना आठवेना. ते रकाने कोरेच ठेवले. अंदाजाने लिहिलेली एक वेळ उलटतपासणीत खोटी ठरली की खऱ्याही बुडतात. सोबत आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल आणि रोजनाम्याच्या नकला. मोबाइलवरचे निरोप नुसते छापून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे दाखला जोडावा. कुटुंब न्यायालयाला पुराव्याच्या बाबतीत मोकळीक आहे, पण तिच्यावर विसंबून कशाला राहायचे?

पोटगीचे विचारले तेव्हा कळले, दोन महिने दिलेलीच नाही. "भेट नाही तर पैसे कशाला?" इथे मात्र मला राग आवरला नाही. भेटीचा आदेश वेगळा, पोटगीचा वेगळा. पोरीचे दूध तोडून पोरीची भेट मागायची? थकबाकी तारखेआधी भरा आणि पावती अर्जाला लावा, असे बजावले.

१९५५चा हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे मुलांबाबतचा आदेश न्यायालय बदलू शकते, पण बघते ते मुलाचे हित. २०२० साली यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आई-बाप दोघांच्या प्रेमावर मुलाचा हक्क आहे. म्हणजे हक्क मुलीचा! बायकोचे दोष उगाळून तो सिद्ध होत नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणाले. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यात वकील हा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. तेव्हा स्वतः दोन वाक्ये नीट बोलायची तयारी हवीच. पण मोफत वकील मिळतो. १९८७च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट नाही, आणि १९९०च्या दुरुस्तीने त्या यादीत बौद्धही आले. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचे. हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही.

जाताना दारात थांबले. "ताई, भेट झाली तर बूट न्यावेत म्हणतो. पायाचा नंबर आता काय असेल?"

मला तरी कुठून ठाऊक असणार? वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिले : समुपदेशकामार्फत आईला विचारणे.