‘एंड’ म्हणजे अंत नव्हे

मराठी समीक्षेला गेली तीन दशके अंताचे वेड लागलेले आहे. इतिहासाचा अंत, विचारसरणीचा अंत, महाकथनांचा अंत, झालेच तर कादंबरीचा अंत, अशी सुतकी नामावळी चर्चासत्रांच्या विषयपत्रिकांवर वारंवार भेटते. तिच्यामागे एकच इंग्रजी शब्द उभा आहे: ‘एंड’. तो शब्द नीट न वाचताच हे सगळे तेरावे उरकले गेले आहे.

इंग्रजीत या शब्दाला टोक, शेवट आणि साध्य असे तीन अर्थ आहेत, आणि ते एकमेकांपासून पुरते सुटत नाहीत. फ्रान्सिस फुकुयामा यांनी १९८९च्या निबंधात आणि १९९२च्या ग्रंथात ज्या ‘एंड’चा उच्चार केला, त्यात हेगेलकडून कोजेव्हमार्गे आलेली गंतव्याची कल्पना आहे. घटना घडतच राहतील, मात्र उदारमतवादी लोकशाहीपलीकडे मानवी राज्यव्यवस्थेला अधिक चांगला मुक्काम उरलेला नाही, असा तो दावा. मराठीत तो ‘इतिहासाचा अंत’ होऊन अवतरला. एका पक्षाने हर्ष केला, दुसऱ्याने १९९२ची अयोध्या दाखवून ‘इतिहास कुठे संपला?’ असे विचारले. दोन्ही पक्ष एका प्रेताभोवती भांडत होते आणि प्रेत तेथे नव्हतेच. फुकुयामांचा दावा खोडण्याजोगा आहेच. तो खोडायचा तर मुक्कामच चुकीचा आहे हे दाखवावे लागते. तेवढा प्रवास आपल्या वादाने केला नाही.

‘अंत’ या शब्दाचा यात दोष नाही. वेदान्त, सिद्धान्त यांत निष्पत्तीची छटा होती. पण ती समासातच अडकून राहिली. सुटा ‘अंत’ देहान्त, अंतकाळ, अंत्यविधी यांच्या संगतीत स्मशानाकडे गेला. ‘अंत पाहणे’ या प्रयोगात मर्यादेचा अर्थ जिवंत आहे, साध्याचा नाही. भाषांतरकाराला ‘परिणती’, ‘पर्यवसान’, ‘इतिकर्तव्यता’ असे शब्द हाताशी होते. त्याहून आश्चर्य म्हणजे नाट्यशास्त्राने हा पेच फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम या पाच अवस्थांतली शेवटची अवस्था समाप्तीवाचक नसून प्राप्तिवाचक आहे, आणि तिला जुळणाऱ्या संधीचे नाव निर्वहण आहे. नाटक संपते ते फळ हाती येते म्हणून. हे सारे एम.ए.च्या वर्गात शिकवले जाते. मात्र जो प्राध्यापक सकाळी निर्वहण-संधी शिकवतो तोच दुपारच्या चर्चासत्रात महाकथनांना अग्नी देतो. दोन तासिकांमध्ये भिंत आहे.

विद्वानांना न उमगलेले कचेरीला मात्र उमगलेले आहे. ‘मार्च एंड’ हा शब्द तालुक्याच्या कोणत्याही कार्यालयात ऐकावा. त्यात ३१ मार्चला वर्ष संपते ही माहिती दुय्यम आहे. वसुलीचे उद्दिष्ट, व्यपगत होऊ पाहणारा निधी, रात्री उशिरापर्यंत निघणारी देयके, म्हणजे गाठायचे काहीतरी, हा त्याचा खरा अर्थ. वृत्तपत्रे ‘मार्चअखेर’ लिहितात तेव्हा नुसती तारीख उरते. कारकुनाने शेवट आणि साध्य एका शब्दात परत जोडले आणि त्यासाठी त्याला हेगेल लागला नाही.

याच शब्दाने मराठवाड्याविषयीच्या लेखनाची केलेली हानी अधिक गंभीर आहे. ‘निजामी राजवटीचा अंत’ हे त्या लेखनाचे ठरलेले भरतवाक्य, तारीख १७ सप्टेंबर १९४८. पण निजाम १९५० ते १९५६ राजप्रमुख होता, आणि हैदराबाद राज्य १ नोव्हेंबर १९५६पर्यंत टिकून होते. ज्यांनी ते दिवस पाहिले ते ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’, ‘पोलीस ॲक्शननंतर’ असे बोलत. त्यांच्या बोलण्यात ती घटना कालगणनेची खूण होती, पडदा नव्हे. पडदा पाडला तो लिहिणाऱ्यांनी.

आणि पडदा पडला की साध्याचा प्रश्न विचारावाच लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली ती ३० जानेवारी १९४८ रोजी. सशस्त्र लढ्याला पैसा हवा होता आणि लुटणारे स्टेट काँग्रेसच्या लढ्यातले, म्हणजे गांधींचे नाव घेणाऱ्या चळवळीतले होते. त्याच दिवशी दिल्लीत गांधींचा खून झाला. साधन आणि साध्य यांची फारकत करता येत नाही हे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाचा. एवढा पेच एका तारखेने समोर ठेवला असता लेखणीने काय करावे? बहुतेक वर्णनांत धाडीचे धाडस येते, बेत येतो, पलायन येते, आणि मग सप्टेंबरातला ‘अंत’ सगळ्यावर पांघरूण घालतो. लुटीच्या पैशाने जे साधायचे होते ते साधले का? सीमेवरच्या कॅम्पांत बंदूक घेतलेल्या कुळाला १९४८नंतर जमीन मिळाली का? रझाकारांच्या अत्याचारांइतक्याच स्पष्टपणे पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याची नोंद घ्यायची की नाही? सुंदरलाल समितीच्या अहवालाने ती घेतली होती, आणि तो कित्येक दशके बंद राहिला. हे प्रश्न ‘एंड’च्या तिसऱ्या अर्थाच्या पोटातले आहेत आणि मराठी ‘अंत’ ते आत येऊच देत नाही.