लाडू कुणी फेकले?

"या पोरींना आई नाही का गं?" काकूंनी विचारलं. टीव्हीवर दोन मुली मेजवानीच्या टेबलावर चढल्या होत्या. उंच टाचा सॅलडमध्ये रुतत होत्या, केकचे गोळे एकमेकींच्या तोंडावर बसत होते. काकू मुलाकडे इंग्लंडात, ब्रॅकनेलला राहायला आलेल्या, त्यांचं मी समजू शकते. पण शेजारी बसलेली माझी मैत्रीण, आयटीत दहा पुरुषांना कामाला लावणारी, तीही म्हणाली, "बाकी काहीही करा बाई, पण अन्न?"

मे 1967 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेत यारोस्लाव प्रुझिनेत्स नावाचे एक सदस्य हेच बोलले होते. 21 सदस्यांच्या वतीने त्यांनी तक्रार मांडली, ती याच चित्रपटावर. शेतकरी घाम गाळून पिकवतो आणि सरकारी पैशाने काढलेल्या सिनेमात ते पायदळी तुडवतात, हे काय चाललंय? व्हेरा खिटिलोवा या दिग्दर्शिकेचा 'सेदमिक्रास्की' 1966 सालचा. इंग्रजीत तो 'डेझीज' म्हणून ओळखला जातो. जेमतेम सव्वा तासाचा आहे आणि त्याला गोष्ट अशी नाही. दोघी मुली, दोघींचं नाव मारी. जग बिघडलंय, मग आपणही बिघडू, असं ठरवतात आणि कामाला लागतात. म्हाताऱ्या रसिकांच्या पैशाने हॉटेलात हादडतात आणि त्यांना रेल्वेत बसवून कटवतात. एक प्रियकर फोनवरून प्रेमाची आळवणी करत असतो, त्या वेळी या दोघी पलंगावर बसून कात्रीने सॉसेज, केळी, काकडी कचाकच कापत असतात. हे दृश्य लागलं तेव्हा काकूसुद्धा फिसकन हसल्या. नंतर तोंडाला पदर लावला, ही गोष्ट वेगळी.

सांडलवंडीवर ओरड होणार हे खिटिलोवाला चांगलं ठाऊक होतं. शेवटी बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांची दृश्यं दिसतात आणि त्यांवर टंकलेली अर्पणपत्रिका उमटते: हा चित्रपट त्यांना, ज्यांचा संताप फक्त तुडवलेल्या सॅलडपाशी जागा होतो. प्रुझिनेत्स यांनी हे वाचूनही तक्रार केली असेल, तर त्यांच्या धैर्याला दाद द्यायला हवी.

मी साताऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरची. ताटात शीत टाकत नाही. इथे उरल्यासुरल्या अन्नाचा वेगळा डबा पालिकेची गाडी घेऊन जाते, त्यात चहाच्या चोथ्याखेरीज काही टाकताना माझा हात अडखळतो. तरीही काकूंचा आणि मैत्रिणीचा आक्षेप मला पटत नाही. कारण नवरात्रात भोंडल्याला याच दोघी हॉलमध्ये पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून वेड्याच्या बायकोचं गाणं म्हणतात, आणि तेही टाळ्या पिटून.

आठवतंय ना ते? बायको लाडू करते, वेडा त्यांना चेंडू समजून खेळतो. करंज्या करते, तो होड्या म्हणून पाण्यात सोडतो. कडवी वाढतील तसे पदार्थ वाढतात आणि प्रत्येकाची माती होते. शेवटी बायको दमून पलंगावर झोपते, वेड्याला वाटतं मेली, आणि तो तिला जाळून टाकतो. मग आम्ही खिरापत ओळखायला बसतो. प्रागच्या कुठल्याही कलावंताला हेवा वाटावा अशी ही तऱ्हेवाईक, काळीकुट्ट विनोदी रचना आपल्या आज्यांनी फेर धरता धरता रचली आणि आपण ती शाळकरी मुलींना शिकवतो. त्यात लाडू किती वाया गेले याची चौकशी आजवर एकाही काकूने केलेली नाही. आणि जळलेल्या बाईची? तिचीही नाही.

फेकणारा पुरुष असला की ते वेड, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय. फेकणारी मुलगी असली की आपण लगेच शितं मोजायला बसतो.

याचं दुसरं टोक आपल्या आजच्या सिनेमात आहे. 'झिम्मा' मला आवडला होता. 2021 मध्ये आलेल्या त्या चित्रपटातल्या बायका आमच्याच इंग्लंडात सहलीला येतात. 'बाईपण भारी देवा'ला तर महाराष्ट्रात बायका नटूनथटून, घोळक्याने गेल्या. छानच झालं. पण या सिनेमांत बाईला हुंदडायचं तर आधी दुःखाचा दाखला जोडावा लागतो. कुणाचा नवरा तुसडा, कुणाचं मन मारलेलं, कुणाचं आजारपण. तेवढं सोसल्यावर तिला नाचायची परवानगी मिळते, आणि नाचून झालं की ती शहाणी होऊन घरी परतते. दोन्ही मारींकडे असा दाखला नाही. त्यांना कुणी छळलेलं नाही, निदान पडद्यावर तरी नाही. त्या उगाच वागतात. हे 'उगाच' आपल्याला सोसत नाही.

एका ठिकाणी मात्र त्या मला फार जवळच्या वाटल्या. सायकलींवरून कामगारांचा लोंढा जातो आणि कुणीही या दोघींकडे बघत नाही. आपण खरंच आहोत का, अशी शंका त्यांना येते. मग रस्त्यात आपणच टाकलेली मक्याची सालं दिसतात आणि त्या हरखतात. आहोत की! नवऱ्याच्या नोकरीमागे ब्रॅकनेलला आले तेव्हा मला नोकरी नव्हती, गाडी येत नव्हती. 1949 मध्ये नवं शहर म्हणून आखायला घेतलेलं हे गाव, गोल चौकांचं, सगळं जागच्या जागी. सकाळी गाड्या ऑफिसांकडे जायच्या आणि मी घर आवरायची. इतकं लख्ख, की दिवसभर घरात कुणी होतं याचा मागमूस राहू नये. सांडलेलं पुसण्यातच आमची हयात गेली, मग आम्ही होतो हे कोणाला कळणार?

गावाची सगळ्यात प्रसिद्ध बाई म्हणजे लेडी ब्रॅकनेल, ऑस्कर वाइल्डच्या 1895 च्या नाटकातली. तिच्यासाठी मागवलेली काकडीची सँडविचेस तिचा भाचाच फस्त करतो आणि वर नोकर साळसूदपणे सांगतो की बाजारात काकडी नव्हती. सव्वाशे वर्षं लोक त्यावर हसताहेत. साउथ हिल पार्कच्या आमच्या कलाकेंद्रातल्या नाट्यगृहाला वाइल्डचंच नाव आहे. त्या भाच्याला आई नाही का, असं मात्र कुणी विचारत नाही.

खिटिलोवाला मात्र किंमत मोजावी लागली. चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे आल्यानंतरच्या काळात तिला वर्षानुवर्षं चित्रपट करू दिले नाहीत. 1975 मध्ये तिने थेट राष्ट्राध्यक्ष हुसाक यांना पत्र लिहिलं, तेव्हा कुठे पुन्हा कॅमेरा हाती आला. त्या बाईंनी स्वतः 'सेदमिक्रास्की'ला तत्त्वचिंतनाचा फार्स म्हटलं होतं आणि शेवटी मुलींना शिक्षाही दाखवली आहे. वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या दोघी फुटक्या बशा जुळवून टेबल पुन्हा मांडतात, आता शहाण्यासारखं वागू म्हणत कुजबुजतात. त्यामुळे हा बोधपट आहे असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. फुटक्या बशांवर कालवलेलं अन्न इतक्या निगुतीने मांडलेलं आहे, की ती आवराआवरच सगळ्यात मोठी टिंगल वाटते.

यंदाच्या भोंडल्यात वेड्याच्या बायकोचं गाणं उलटवून म्हणावं, असं मी सुचवलं आहे. लाडू तिनेच करायचे, तिनेच फेकायचे, कारण विचारायचं नाही. फेकायला कागदाचे लाडूही चालतील म्हटलं. मुली एका पायावर तयार झाल्या. काकूंचा निरोप आलाय की कागदाचे असतील तर त्याही पहिला लाडू फेकतील. बाकीच्या बायकांच्या ग्रुपवर मात्र सकाळपासून एकच चर्चा चालली आहे: हॉलचं डिपॉझिट गेलं तर कोण भरणार?