रँक त्याची, खेटे तिचे

फौजीच्या डिस्चार्ज बुकात हवालदाराऐवजी नाईक असं पडलं, तर ती कारकुनी चूक म्हणून सोडून देता येत नाही. 'वन रँक वन पेन्शन' 1 जुलै 2014 पासून लागू झाली. पेन्शन मुख्यतः रँक आणि नोकरीची वर्षं यांवर ठरते, विधवेचं कुटुंबवेतनही. एका शब्दापायी दर महिन्याला तिच्या पदरचे पैसे जातात.

तो हयात असताना माजी सैनिक म्हणून निदान खुर्ची तरी मिळते. त्याच्या मागे हे काम बाईच्या गळ्यात येतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरची बाई एस.टी.नं नंदुरबारला येते. बोलणं पावरी नाहीतर भिली, आणि मूळ कागद रेकॉर्ड ऑफिसात: मराठा रेजिमेंट असेल तर बेळगाव, महार असेल तर सागर. मी अशा बायांचे अर्ज लिहून देते. रँकच्या आधी अडतं ते तिच्याच नावावर. बुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्न युनिटला कळवायचं नवऱ्यानं. त्यानं कळवलं नाही तर कागदावर ही त्याची बायकोच नाही!

बढतीचा हुकूम ज्यांच्या दप्तरात आहे त्यांनीच तो शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरावा तिच्याकडे का मागायचा? लष्करी न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, पण मोलगीहून मुंबई!

तोवर बायांनो, अर्जाची लेखी पोच घेतल्याशिवाय सैनिक कल्याण कार्यालयातून उठू नका. आणि नवरा हयात असतानाच त्या बुकातलं स्वतःचं नाव कुणाकडून तरी वाचून घ्या.