रेघ कोणाची, रक्त कोणाचें ?

खेड्यांत दोघां भावांची वांटणी व्हावयाची झाली तर गांवचे चार पंच शेतावर जातात, बांध पाहतात, विहीर कोणाकडे, गोठा कोणाकडे हें दोघांस विचारतात आणि मगच दगड पुरतात. वांटणी वाईट झाली तरी ती करणारे गांवचेच असतात. दुसऱ्या दिवशीं त्यांस त्याच वेशींतून जावें लागतें. कोरिया देशाच्या नशिबीं असले पंचही आले नाहींत. १० ऑगस्ट १९४५ च्या रात्रीं वॉशिंग्टन शहरीं डीन रस्क व चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांपुढें एक नकाशा होता. जपान शरण येत होता, उत्तरेकडून रशियाचें सैन्य येत होतें, आणि आपल्या ताब्याची हद्द कोठें धरावी हा अमेरिकेपुढें प्रश्न होता. विचारास अर्धा तास मिळाला. त्यांनीं अडतिसाव्या अक्षांशावर बोट ठेविलें. राजधानी सोल आपल्या बाजूस राहते, एवढाच हिशेब. रेघ कोणाच्या शेतांतून जाते हें कोणीं पाहिलें नाहीं. कोरियांतील एकाही माणसास विचारलें नाहीं. रशियानेंही ती निमूटपणें मान्य केली.

१९१० पासून पस्तीस वर्षें जपानच्या टाचेखालीं रगडल्या गेलेल्या या लोकांस वाटलें होतें कीं आतां आपलें राज्य आलें. गांवोगांव त्यांनीं स्वतःच्या समित्या स्थापून कारभार हातीं घेतलाही होता. दक्षिणेंत अमेरिकन लष्करानें त्या मोडल्या. उत्तरेंत रशियन लष्करानें त्या आपल्या दावणीस बांधल्या. १९४८ सालीं दक्षिणेंत सिंगमन ऱ्ही यांचें व उत्तरेंत किम इल सुंग यांचें, अशीं दोन सरकारें उभीं राहिलीं. दोघेही म्हणत, सारा देश आमचा. परक्यांची रेघ पुसावी असें दोघांसही वाटे, पण दोघांचा उपाय तलवारीचाच. आणि तलवारीस धार लावून देणारे पुन्हां तेच परके!

हें तर मोठ्या तत्त्वांचें युद्ध होतें, असें विद्वान सांगतात. आम्ही विचारतों, शेतकऱ्याचें तत्त्व कोणतें ? कोरियांतील बहुतेक शेतकरी कुळें होतीं आणि पिकाचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक वांटा जमीनदाराच्या घरीं जात असे. उत्तरेंत मार्च १९४६ मध्यें जमीनदारांच्या जमिनी मोबदला न देतां कुळांस वांटल्या गेल्या. दक्षिणेंत १९४९ चा कायदा मार्च १९५० मध्यें दुरुस्त होऊन सुमारें तीन हेक्टरांवरील जमीन हप्त्यांनीं कुळांस देण्याचें ठरलें. म्हणजे दोन्ही बाजूंचा शेतकरी नुकता कोठें स्वतःच्या बांधावर मालक म्हणून उभा राहत होता, तोंच त्याच्या हातीं बंदूक देण्यांत आली. पुढें उत्तरेंतील ती जमीन १९५८ पर्यंत सामुदायिक शेतीच्या नांवाखालीं त्याच्या हातून गेलीही.

२५ जून १९५० रोजीं पहांटे उत्तरेच्या सैन्यानें रेघ ओलांडली. हा हल्ला स्टालिनच्या संमतीनें व माओच्या होकारानें झाला, हें रशियाचें दप्तर १९९० नंतर उघडें झाल्यावर सिद्ध झालें आहे. म्हणून दक्षिणेचें सरकार सोंवळें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. जेजू बेटावर १९४८ पासून बंड मोडण्याच्या निमित्तानें २५ ते ३० हजार लोक मारले गेले, असा पुढें तेथील सरकारी आयोगानेंच अंदाज केला. डाव्या मताच्या लोकांस ‘सुधारण्या’साठीं सरकारनें बोदो संघ काढला होता, संख्या भरावी म्हणून ज्यांस राजकारण ठाऊकही नव्हतें अशा शेतकऱ्यांचीं नांवें त्यांत घातलीं. युद्ध पेटतांच त्याच यादीवरून माणसें बाहेर काढून हजारोंनीं ठार केलीं. उत्तरेच्या फौजेनेंही माघार घेतांना तुरुंगांतील कैदी असेच कापले. सोल शहर नऊ महिन्यांत चार वेळां या हातांतून त्या हातांत गेलें. अमेरिका संयुक्त राष्ट्रांचें निशाण घेऊन उतरली, पाठोपाठ चीन उतरला. अमेरिकन विमानांनीं ६ लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. सैनिक व रयत मिळून वीस लाखांहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे.

इतकें होऊन मिळालें काय ? जुलै १९५१ मध्यें तहाचीं बोलणीं सुरू झालीं तीं दोन वर्षें चाललीं. मुख्य अडचण कैद्यांची. हजारों कैदी परत जाण्यास तयार नव्हते. बोलणारे तंबूंत बोलत होते आणि टेकड्यांवर पोरें मरत होतीं. अखेर २७ जुलै १९५३ रोजीं युद्धतहकुबी झाली. नवी हद्द जुन्या रेघेच्या आसपासच राहिली !

या प्रकरणीं महाराष्ट्रानें एक गोष्ट अभिमानानें लक्षांत ठेवावी. परत न जाणाऱ्या २२ हजारांवर कैद्यांस सांभाळण्याचें काम हिंदुस्थानाकडे आलें. पंचमंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि राखणदार फौजेचे सेनापति कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात. ऱ्ही सरकारनें आपल्या भूमीवर हिंदी शिपायांस पाऊल ठेवूं दिलें नाहीं. त्यांस हेलिकॉप्टरांनीं सरहद्दीच्या पट्ट्यांत उतरविलें. तेथें कैद्यास विचारण्याची सोय झाली, तुला कोठें जावयाचें ? सत्तरांहून अधिक कोरियन म्हणाले, उत्तरही नको, दक्षिणही नको. ते हिंदुस्थानांत आले व त्यांतील पुष्कळ पुढें ब्राझील, अर्जेंटिना येथें गेले. आठ वर्षांत सामान्य कोरियन माणसास हा प्रश्न विचारला गेला तो असा, तारांच्या कुंपणाआड, आणि तोही परक्यांकडून.

तह अजून झालेला नाहीं; जी आहे ती तहकुबीच. दक्षिणेनें तीवर सहीही केली नव्हती. चार किलोमीटर रुंदीचा पट्टा दोन्ही अंगांनीं बंदुका रोखून उभा आहे. ताटातूट झालेल्या आप्तांच्या भेटीसाठीं दक्षिणेंत १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. त्यांतील बहुतेक वाट पाहून मेले, उरलेल्यांत ऐंशी ओलांडलेलेच फार. शेवटच्या भेटी ऑगस्ट २०१८ मध्यें झाल्या. जानेवारी २०२४ मध्यें तर उत्तरेच्या सत्ताधाऱ्यांनीं एकीकरणाचें धोरणच सोडून दक्षिणेस शत्रुराष्ट्र ठरविलें.

वाचकहो, १९४७ सालीं आपल्याकडेही एका परक्यानें नकाशावर रेघ ओढली, म्हणून हें दुःख आपणांस समजावून सांगावें लागूं नये. दोन्ही सरकारांस एकीकरण नको असेल तर नसो. पण ऐंशी वर्षांच्या बहिणीस भावाचें तोंड पाहूं देण्यास कोणत्या तत्त्वाची आड आहे ? अर्ध्या तासांत रेघ ओढणाऱ्यांचे वारसदार आजही मोठ्या राष्ट्रांच्या सभांत बसतात. तहकुबीचा तह करणें आणि या म्हाताऱ्या माणसांपुरती ती रेघ उघडणें, एवढें देणें त्यांच्याकडे निघतें. आणि तें फेडण्यास आतां फार दिवस उरलेले नाहींत.