पावतीवर न मिटणारा गुन्हा

दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये आहे आणि त्याची सगळी भिस्त एका आकड्यावर आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा पूर्ण झाला. गाडी सरळ चालली होती का, चालकाची जीभ जड झाली होती का, कुणाला धक्का लागला का, यातले काहीच सिद्ध करावे लागत नाही. ‘मला चढत नाही, साहेब’ असे नाकाबंदीत कितीही सांगितले तरी त्याचा उपयोग शून्य, कारण कायदा चढली का हे विचारतच नाही. अमली पदार्थांचे तसे नाही. तिथे आकडा ठरलेला नसल्याने गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे दाखवावे लागते. शिवाय कलमात चालवण्याबरोबर ‘चालवण्याचा प्रयत्न’ही आहे. चालकाच्या जागी बसून किल्ली फिरवणारा माणूस गाडी जागची हलण्याआधीच या कलमात येऊ शकतो.

रस्त्यावरचा पुरावा म्हणजे ब्रेथ अॅनालायझर. नळीत फुंकर मारली की यंत्र श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातले प्रमाण काढते आणि बोटभर रुंदीची चिठ्ठी बाहेर येते. तारीख, वेळ आणि आकडा एवढाच तिचा मजकूर, पण पुढचा खटला बहुतेक वेळा तिच्यावरच उभा राहतो. फुंकर मारायला नकार दिला म्हणून सुटका होत नाही. कलम २०५ नुसार योग्य कारण नसताना दिलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येतो. गणवेशातला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो, मात्र अटकेपासून २ तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी झाली नाही तर त्या माणसाला सोडावे लागते. रक्त देणारी स्त्री आणि डॉक्टर पुरुष असेल तर नमुना एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो, मग ती स्त्री डॉक्टर असो वा नसो.

चाचणीवर एवढा भर देण्यामागे कारण आहे. १९७१ मध्ये बच्चूभाई करियाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तोंडाला येणारा वास, चालताना जाणारा झोक आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस नशेत होता असे ठरत नाही. रक्त किंवा लघवी तपासायला हवी. तेव्हापासून वकिलांचे लक्ष पहिल्यांदा जाते ते रक्ताच्या बाटलीकडे. नमुना कोणी घेतला, सील कोणी केले, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कुठे होता, हे प्रश्न खटला घडवतात किंवा बुडवतात. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि काही दिवसांत रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. त्या एका बाटलीची किंमत महाराष्ट्राला तेव्हा कळली.

या गुन्ह्यात जागेवर पावती फाडून मोकळे होता येत नाही. तडजोडीने दंड भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत कलम १८५ नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहावेच लागते. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुढच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंडाची कमाल मर्यादा अनुक्रमे २,००० आणि ३,००० रुपये होती. इतक्या पैशांत एका रात्रीचे बिलही भागले नसते. तरीही सगळ्यांच्या तोंडी दंडाचाच आकडा असतो आणि कलम २० कुणाच्या गावी नसते. १८५ खाली दोषी ठरल्यावर किमान ६ महिन्यांसाठी गाडी चालवण्यास अपात्र ठरवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. टॅक्सी, टेम्पो किंवा ट्रकवर ज्याचे घर चालते त्याच्यासाठी खरी शिक्षा ही आहे. शेजारच्या सीटवरचा मित्रही सुरक्षित नाही. ‘चल रे, काही होत नाही’ म्हणत त्याने किल्ली हातात दिली असेल तर कलम १८८ खाली चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. चालक अल्पवयीन असेल तर कलम १९९ अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

माणूस मेला की प्रश्नच बदलतो. तिथे ३० मिलिग्रॅमचा हिशेब मागे पडतो आणि चालकाला काय ठाऊक होते, हे पाहिले जाते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर अॅलिस्टर परेरा याची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. ७ जण मेले, ८ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघाले, म्हणजे मर्यादेच्या साडेतीनपटीहून जास्त. सत्र न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे हयगयीने मृत्यू घडवल्याचे कलम ३०४ अ लावून ६ महिने कैद आणि ५ लाख रुपये दंड दिला. ७ जिवांना ६ महिने! मुंबई उच्च न्यायालयाने हे प्रकरण सदोष मनुष्यवधात, कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात नेले आणि ३ वर्षांची कैद दिली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. तर्क साधा आणि भक्कम होता: दारू पिऊन, जिथे माणसे झोपतात त्या रस्त्यावर भरधाव गाडी हाकणाऱ्याला त्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असेच धरावे लागेल. जाणीव असेल तर ती हयगय उरत नाही.

तरी शिक्षेचे माप काही स्थिर झाले नाही. दिल्लीत जानेवारी १९९९ मध्ये बीएमडब्ल्यू गाडीखाली ६ जण, त्यांत पोलीसही, मेले. त्या संजीव नंदा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये हेच कलम लागू केले, पण भोगून झालेली २ वर्षे पुरेशी मानली आणि ५० लाख रुपये व २ वर्षांची समाजसेवा जोडली. एकाच वर्षातले हे दोन निकाल शेजारी ठेवले की न्यायाचे कारण पटते, माप पटत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत आणि जाणीव असताना केलेल्या सदोष मनुष्यवधाला १० वर्षांपर्यंत कैद आहे. हयगय आणि जाणीव यांमधली रेघ मात्र प्रत्येक खटल्यात नव्याने ओढावी लागते.

फौजदारी खटल्याच्या बरोबरीने विम्याचा हिशेब सुरू असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा दारूच्या कारणावरून विमा कंपनी फेटाळू शकते आणि इथे चाचणी न झाल्याचा फायदा मिळेलच असे नाही. पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले की श्वास किंवा रक्ताची तपासणी झाली नसली तरी चालक नशेत होता हे विमा कंपनी इतर परिस्थितीवरून दाखवू शकते. मृताच्या वारसांची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे ठरते. वारसांनी कंपनीच्या मागे वर्षे घालवू नयेत म्हणून अनेक प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी पैसे देण्यास आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करण्यास सांगतात. निवाड्याची रक्कम थकली तर कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवू शकते आणि जमीन महसुलाची थकबाकी जशी वसूल होते तशीच ती वसूल होते: तहसील कार्यालयाची नोटीस, मग जप्ती, मग लिलाव.